तेवीस मीटर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोलीस ठाण्याच्या डायरीत जे लिहायचं असतं ते लिहितात. या वहीत मी जे झालं ते लिहितो. बत्तीस वर्षांत अशा एकोणीस वह्या झाल्या आणि एकही कोणी वाचलेली नाही, असा माझा समज आहे. पण परवा कौसल्या म्हणाली, "तुमच्या वह्येत काय आसतला? लोकांच्यो चुगल्यो." म्हणजे हिने वाचली असणार. जागा बदलायला हवी.

आजपासून तीन आठवडे प्रशिक्षण. विषय, रस्ते अपघातांचा शास्त्रीय तपास. दादर पूर्वेला एका बंद पडलेल्या शाळेचा हॉल घेतला आहे. बाकं तिसरी-चौथीच्या पोरांची, त्यात आम्ही बावीस पोलीस गुडघे मोडून बसलो. मे महिन्यात निवृत्त होणाऱ्या सहायक फौजदाराला कोणी शिकायला पाठवतं का? ठाण्यात तरणीताठी पोरं असताना सीनिअर साहेबांनी माझंच नाव दिलं. विचारलं तर म्हणाले, "आंब्रे, तेवढाच आराम होईल तुम्हाला." आमच्या खात्यात कोणी कोणाच्या आरामाची काळजी करू लागला की पाठ भिंतीला लावून बसावं. मी शेवटच्या बाकावर बसलो.

शिकवायला एक इंजिनिअर मुलगी आहे, तेजस्वी वैती. तिशीची असेल. आल्या आल्या म्हणाली, "सर, गाडी खोटं बोलत नाही, रस्ता खोटं बोलत नाही. खोटं फक्त कागद बोलतो." सगळे हसले. मी नाही हसलो. पहिल्याच दिवशी कागदावर बोट ठेवणारीच्या मनात काय असेल, हे ताडायला मला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

शेजारी गिरगावकडच्या एका ठाण्याचा हवालदार आहे, राजरत्न नावाचा. सारखा लिहीत असतो. एवढं काय लिहितो कोण जाणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी सगळ्यांनी डबे उघडले. माझ्या डब्यात बांगड्याचं तिखलं होतं. वैतीबाईंना विचारलं, घेणार का? तर म्हणाल्या, "नाही सर, मी मासे खात नाही. लहानपणापासून अंगावर पित्त उठतं." वैती म्हणजे कोळी. कोळ्यांची मुलगी आणि मासे खात नाही! काहीतरी लपवते आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं लगेच लिहून ठेवतो.

आज ब्रेकच्या खुणा शिकवल्या. चालकाने जोरात ब्रेक दाबला की चाकं जागीच अडकतात आणि गाडी घसरत जाते. टायर रस्त्यावर काळा पट्टा ओढतो. पट्टा जेवढा लांब तेवढा गाडीचा वेग जास्त. त्याचं एक गणित असतं, तेही फळ्यावर मांडलं. इथवर ठीक होतं. मग तिने पडद्यावर एकामागून एक फोटो लावले. कुठले, कोणाचे, काही नाही. नुसते रस्ते आणि पट्टे.

सातवा की आठवा फोटो माझा होता.

माझा म्हणजे चेहरा नव्हता. रस्त्यावर पसरलेली टेप, टेपचं टोक धरलेला एक हात आणि एक बूट. पण तो हात माझा. मनगटाला कौसल्याने गावच्या मठातून आणलेला लाल दोरा. रस्ता परळचा, सिग्नलच्या पुढचा. तारीख १४ फेब्रुवारी २०२४. टेपवर तेवीस मीटर.

वैतीबाई काठी घेऊन पडद्याजवळ गेल्या. "बघा, हा पट्टा नीट बघा. एकाऐवजी दोन रेघा आहेत, मध्ये बोटभर फट. म्हणजे मागच्या बाजूला जोडटायर असलेली गाडी. ट्रक, बस किंवा डंपर. बरोबर? आता फाइलच्या नावात लिहिलंय, केस छोट्या टेम्पोची. छोट्या टेम्पोला मागे एका बाजूला एकच टायर असतो. मग हा पट्टा त्याचा असेल का?"

"नाही," सगळा वर्ग.

"मग टेम्पोचा कुठे आहे?"

कोणालाच दिसेना. तिने काठी फोटोच्या कोपऱ्यात, त्या बुटावर टेकवली. बुटाच्या टाचेकडून एक फिकी, आखूड, एकेरी रेघ निघत होती आणि पुढून बाहेर पडत होती. "टेप धरून उभे आहेत ना हे साहेब, ते खऱ्या खुणेवर उभे आहेत."

वर्ग खदाखदा हसला. मीही हसलो. न हसलो असतो तर लोकांनी माझ्याकडे बघितलं असतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्दी झाल्याचं सांगून गेलो नाही. त्या दिवसाचं लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

पहाटे पाच चाळीसला फोन आला. भाऊच्या धक्क्यावरून मासे घेऊन दादरच्या बाजारात निघालेल्या टेम्पोने एका म्हाताऱ्याला उडवलं होतं. धोंडू मयेकर, गिरणीतला जुना कामगार, सत्त्याहत्तर वर्षांचा. मी सहाला पोचलो. चालक प्रितेश नाखवा, माझगावचा, सव्वीस वर्षांचा. पळून गेला नव्हता. म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता. दोघांनी मिळून त्याला आमच्या जीपमध्ये घातला. आठ दिवसांनी म्हातारा वारला.

टेम्पो बाजूला ढकलायला लावला, कारण मागे गाड्यांची रांग लागली होती. ढकलण्याआधी चाकांभोवती खडूने खुणा केल्या होत्या. मोजमाप घेणार तेवढ्यात कुठल्याशा उद्घाटनाच्या बंदोबस्ताचा निरोप आला. परत आलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. खडू पुसला गेला होता. तिथे तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं, दिवसभर डंपर जात-येत. समोरच्या पानवाल्याला विचारलं, टेम्पो कुठे थांबला होता रे? तो म्हणाला, "इधरिच किधर तरी साहेब." जवळच एक ठसठशीत पट्टा दिसला. तोच मोजला. कॉन्स्टेबलने मोबाइलवर फोटो काढला. पंच म्हणून नेहमीचे दोघे, चहावाला आणि घड्याळवाला. त्यांनी नेहमीसारख्या सह्या केल्या. पंचनाम्याची वेळ मी लिहिली, सकाळी सहा दहा ते सहा पन्नास.

यात मी जगावेगळं काय केलं? सगळे असंच करतात. जागेवर वेळ मिळत नाही, मग मिळेल तेव्हा मोजायचं आणि मिळायला हवा होता तो वेळ लिहायचा.

तेवीस मीटरवरून वेग निघाला चौसष्ट. 'भरधाव वेगाने, हयगयीने' हे शब्द तर आमच्या पेनातच भरलेले असतात. प्रितेशवर खटला उभा राहिला, लायसन्स गेलं. शिक्षा झाली तर दोन वर्षांपर्यंत आत. आणि पंचवीस तारखेला दादरच्या कोर्टात माझी साक्ष आहे.

फोटो आरोपपत्राला जोडला नव्हता. कारण त्यात लख्ख ऊन आहे. फेब्रुवारीत सकाळी साडेसहाला मुंबईत कुठलं ऊन? तो फोटो ठाण्याच्या कॉम्प्युटरवर पडून होता. तिथून या बाईकडे कोणी पोचवला? साक्षीला अठरा दिवस असताना? हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं त्याने पोलिसात येऊ नये.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठाण्यात गेलो. संशय रायटरवर, म्हणजे आमच्या लिखापढी करणाऱ्या राहुलवर. मागच्या वर्षी त्याची रजा मी अडवली होती. सहज बोलता बोलता विचारलं, बाहेर फोटोबिटो पाठवतोस का रे? तो म्हणाला, "हा साहेब, ट्रेनिंगवाल्यांचं लेटर आलेलं. अपघाताचे जुने फोटो पाठवा म्हणून. ऑगस्टमध्ये पाठवले की."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्याने जावक रजिस्टर काढलं, पत्राची प्रत काढली. 'सोबत अपघातस्थळांची एकूण ४० छायाचित्रे पाठवीत आहोत.' खाली सही. हि. वा. आंब्रे.

सही माझीच आहे, यात वाद नाही. दिवसाला शंभर कागद समोर येतात, प्रत्येक वाचत बसलो तर निवृत्ती इथेच व्हायची. पण नेमका हाच कागद त्या गठ्ठ्यात कोणी सरकवला? राहुलकडे रोखून बघितलं. त्याने मला चहा सांगितला. चहा पाजणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

राजरत्नवर नजर ठेवून आहे. तो माझ्यावर ठेवून आहे, म्हणून. आज दोनदा माझ्याकडे बघून मान वळवली. मधल्या सुट्टीत येऊन म्हणतो, "साहेब, तब्येत बरी ना? शुक्रवारी आला नाहीत. मी आठवडाभराच्या नोट्स काढून ठेवल्यात तुमच्यासाठी." आणि खरोखरच चार पानं सुवाच्य अक्षरात दिली. त्यात जोडटायरच्या खुणेचं चित्र नव्हतं. बाकी सगळ्या खुणा होत्या, तेवढीच गाळली होती. ती माझ्या डोळ्यांसमोर येऊ नये असं याला का वाटलं असेल? काहीतरी शिजतं आहे.

कौसल्याला यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुमका देव दिसलो तरी त्येचा ओळखपत्र मागशात." बायका काहीही बोलतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

धागा सापडला असं वाटतं. प्रितेश नाखवा कोळी, तेजस्वी वैती कोळी. मुंबईतले कोळी एकमेकांचे कुठून ना कुठून लागतातच. भाचा, आतेभाऊ, कोणीतरी असणार. वकिलाने सांगितलं असेल, बाईने फोटो उचलला असेल, आणि मला वर्गात बसवून माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं असेल. प्रितेशची आई सखुबाई दादरला मासळी विकते, हे तेव्हाच्या जबाबात आहे. रविवारी जातो. साध्या कपड्यांत, टोपी घालून.

१६ नोव्हेंबर, रविवार

टोपीचा काही उपयोग झाला नाही. पिशवी घेऊन तिच्या पाटीसमोर उभा राहिलो तोच सखुबाई म्हणाली, "या सायेब. मी वलखते तुमाला. त्या टायमाला तुमीच होते ना?"

आता ही आरडाओरडा करणार, चार कोळणी गोळा होणार, अशी तयारी ठेवली होती. तिने बांगडे उलटेसुलटे करून चांगले बघून सहा काढले. "हे घ्या, आजचे हायत. त्या बाजूचे नका घेऊ, कालचे हायत." स्वतःचाच माल कालचा आहे असं सांगणारी कोळीण मी पहिल्यांदा बघितली.

मी विषय काढला. प्रितेश काय करतो आता?

"धक्क्यावर बर्फ फोडतो. गाडी नाय चालवत."

"लायसन्स नाही म्हणून?"

"लायसनचा नाय वो. मामाची स्कूटर हाय दारात, तिच्यावर मागं पन नाय बसत. गाडीजवल गेला का हात कापतान त्याचे. मयेकरांच्या घरी जातो दर म्हयन्याला. त्यांची सून दारातूनच घालवते. तरी जातो."

मी खोदून विचारलं, नात्यात कोणी वैती आहेत का? ती बांगडे पिशवीत भरत म्हणाली, "ठान्याला आसतान बग वैती. आमचं कोन नाय तिकडं." आणि लगेच, "का? पोरगी बगताय का कोनासाठी?"

घरी येताना सगळा विचार केला. हात का कापतात? ज्याने काही केलं नाही त्याचे हात कापत नाहीत. दर महिन्याला मयताच्या घरी कोण जातो? मन खातं तोच. पट्टा डंपरचा असेल, पण पोरगा जोरातच असणार. एवढं मनाशी ठरलं तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. बांगडे मात्र खरोखर ताजे होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज प्रात्यक्षिक. माझगावला गोदीच्या बाजूला एक मोकळा रस्ता बंद करून घेतला होता. एक छोटा टेम्पो, मासळीवाले वापरतात तसलाच, मागे वाळूची पोती भरलेली. चालक तीसच्या वेगाने येणार, वैतीबाईंनी झेंडी दाखवली की कचकन ब्रेक. मग चाळीस, मग साठ. टेप धरायला मला पुढे केलं. मलाच का, ते विचारलं नाही.

पहिल्यांदा तीसने आला. रबराचा जळका वास, आणि रस्त्यावर फिकी एकेरी रेघ. पाच मीटर वीस. दुसऱ्या खेपेला काटा जरा पुढे, बत्तीसवर गेला; रेघ सहाला थोडी कमी. साठला मात्र पट्टा लांबच लांब गेला, वीसच्या वर.

वैतीबाई म्हणाल्या, "आंब्रे सर, एकदा आत बसून बघा. बाहेरून कळत नाही." चालकाच्या शेजारी बसलो. बत्तीसवर होतो. बत्तीस म्हणजे काहीच नाही हो. कोणी म्हातारा हात दाखवत आला तर थांबून विचारावं, कुठे जायचं बाबा, एवढा सावकाश. झेंडी पडली, ब्रेक लागला, मी समोर काचेवर आपटता आपटता वाचलो. उतरलो आणि मागे जाऊन ती रेघ बघितली.

बुटाखालच्या रेघेसारखीच होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

राजरत्नच्या नोट्समधलं गणित घेऊन बसलो. फोटोतली ती आखूड रेघ किती असेल? बाजूची टेप आहेच, तिच्या मापाने काढली. सहा मीटर. सहाचा वेग येतो बत्तीस-तेहतीस. पुन्हा केलं. तेच. पाच वेळा केलं. एकदा तर मुद्दाम चुकवून बघितलं, तरी चाळीसच्या वर जाईना.

मी चौसष्ट लिहिलं होतं. थेट दुप्पट.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वर्ग सुटल्यावर वैतीबाईंना गाठलं. म्हटलं, मॅडम, सरळ सांगा. तो फोटो कोणी दिला?

"कुठला, सर?"

"तेवीस मीटरचा."

"तो होय? एका ठाण्याने चाळीस फोटो मेल केले होते, त्यातला आहे. कुठला आहे ते मलाही माहीत नाही. का हो?"

मी तिच्या डोळ्यांत बघत राहिलो. पापणी हलली नाही. एक तर ही पट्टीची नटी आहे, नाही तर... दुसरं काय असेल ते मी लिहीत नाही.

मग ती म्हणाली, "मला तो फोटो आवडतो, सर. त्या माणसाने टेप किती सरळ धरली आहे बघा. वाकून, ताणून. फसवायचं असतं तर कोणी एवढ्या काळजीने मोजत नाही. त्याला बिचाऱ्याला कोणी शिकवलंच नव्हतं."

बिचारा! माझ्या पोरीच्या वयाची बाई मला बिचारा म्हणते, आणि मी तिच्यासमोर हात मागे घेऊन उभा. हातात तो लाल दोरा अजून आहे. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. पावसाळा सरल्यावरच्या छत्रीसारखं तोंड मिटून घराकडे निघालो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रमाणपत्र मिळालं. गणितात बावीसांत पहिला आलो, असं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या.

जाताना राजरत्न जिन्यात थांबला होता. "साहेब, फोटोतला तो हात मी तेव्हाच ओळखलेला. दोरा बघून. कोणाला बोललो नाय."

मी म्हटलं, का नाही बोललास?

"तुम्ही विसरलात साहेब. २००९ ला मी नवीन होतो, ताडदेवला डिप्युटेशनवर. पहिला पंचनामा तुम्ही शिकवलेला. माझा हात पकडून लिहून घेतलात. आज पण तसाच लिहितो मी." आणि वर म्हणाला, "तसाच म्हणजे तसाच, साहेब. वेळ पण." मग हळूच, "ती केस चालू आहे का?"

मी नाही म्हणालो. तो नमस्कार करून गेला. पंधरा दिवस हा गोष्ट मनात ठेवून बसला. एवढं गप्प कोण बसतं, कशासाठी बसतं? अजून मला उलगडा झालेला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल सीनिअर साहेबांना भेटलो. दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. म्हणाले, "आंब्रे, मी तुम्हाला आरामासाठी पाठवलं होतं."

"हो साहेब."

"पंचनाम्यात आहे ते वाचा आणि खाली उतरा. बचाव पक्षाचा वकील बघेल काय ते. तुम्ही तोंड उघडलंत तर खोटा दस्तऐवज केला म्हणून तुमच्यावरच येईल. चौकशी, पेन्शन अडकणार. सहा महिन्यांसाठी कशाला?"

साहेब चांगलं सांगतात. पण माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाम आला होता. आरोपपत्रावर त्यांची सही आहे.

आज कौसल्याला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून; पोरगा मयेकरांकडे जातो तेवढं राहिलं. वाटलं होतं पेन्शनचं नाव निघताच ती कपाळाला हात लावेल. तिने शेंगा सोलायच्या थांबवल्या नाहीत. म्हणाली, "तो पोरगो दर म्हयन्याक थय जाता, नाय?"

तुला कसं माहीत, असं विचारणार होतो. विचारलं नाही. वहीत लिहिलं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पंचनामा पाठ करून बघितला. शब्दन्‌शब्द येतो. वाचून खाली उतरायला तीन मिनिटं पुरतील. राहुलला सांगून तो फोटो छापून घेतला आणि खिशात ठेवला. का ठेवला ते माहीत नाही. ठेवायला काय जातं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकराला कोर्टात पोचलो. व्हरांड्यात बाकावर प्रितेश बसला होता. हाडं वर आलेली, हाताच्या बोटांना बर्फाने पडलेल्या भेगा. मला बघून उठला आणि जवळ आला. मी एक पाऊल मागे सरकलो. कोर्टात आरोपी जवळ आला की सावध असावं.

"साहेब, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला आज जास्त त्रास नाय होणार. मी जज मॅडमना बोलणार आहे, गुन्हा कबूल. वकील ओरडतोय, पण माझं ठरलंय."

मनात पहिलं हेच आलं की हे नाटक आहे. वकिलाने शिकवलं असणार, मला विरघळवायला. विचारलं, "कबूल का? जोरात होतास तू?"

"मला तर वाटायचं मी तीसवर होतो. माल भरलेला, पाणी सांडतं, आम्ही जोरात नाय मारत. डंपरच्या मागून म्हातारा आला आणि मी ब्रेक दाबला, एवढंच आठवतं. पहिलं वर्षभर सगळ्यांना तेच बोलायचो. मग विचार केला, साहेबांनी टेप लावून मोजलंय. साहेबांची माझ्याशी काय दुश्मनी? म्हणजे मीच जोरात असणार आणि माझं डोकं मला खोटं सांगतंय." नाक ओढून म्हणाला, "मग मी मलाच विचारायचं बंद केलं, साहेब. त्यांच्या घरी जातो, माफी मागतो."

बत्तीस वर्षं मी माणसांचे चेहरे वाचतो. त्या चेहऱ्यात किती वेळ शोधलं. खोट मिळाली नाही. मी शपथेवर सांगतो, मला ती हवी होती.

तेवढ्यात पुकारा झाला. मी त्याला म्हटलं, "तू आत काही बोलू नकोस. आधी मी बोलतो."

"बरं साहेब," तो म्हणाला. का, ते विचारलं नाही.

सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. सही तुमची? माझी. मजकूर तुमचा? माझा. बरोबर आहे? मी म्हणालो, नाही. वेळ खोटी आहे, मोजमाप दुपारी अडीचला घेतलं. मोजलेला पट्टा या टेम्पोचा नाही, जोडटायरच्या गाडीचा आहे. टेम्पोची खूण सहा मीटर होती, आणि तिच्यावर मी उभा होतो. खिशातून फोटो काढून दिला. सरकारी वकील लालबुंद झाले, साक्षीदार फितूर म्हणून घोषित करा म्हणाले. मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना, आंब्रे?" मी हो म्हणालो. त्यांनी सगळं लिहून घेतलं. पुढची तारीख पडली. माझं काय व्हायचं ते माझ्या लक्षात आहे. तासाभरात सीनिअर साहेबांचे चार फोन येऊन गेले, एकही घेतला नाही.

बाहेर आलो तर प्रितेश भिंतीला टेकून उभा.

"साहेब, म्हणजे मी तीसवरच होतो?"

"बत्तीस."

"नक्की?"

"मी मोजलंय. फोटोवरून. पाच वेळा."

आता हा माझी गचांडी धरणार, असं वाटलं. धरायलाच हवी होती. दोन वर्षं मी त्याला खोटं पाडलं, आज कशावरून खरं बोलतोय, कोणाच्या सांगण्यावरून बोलतोय, याच्या मागे काय आहे, त्याच्या जागी मी असतो तर हे सगळं विचारलं असतं. मी वाट बघत उभा राहिलो.

त्याने बाहीने डोळे पुसले आणि आईला लावायला मोबाइल काढला.

"तुम्ही मोजलंय ना, साहेब," तो म्हणाला. "मग बरोबरच असणार."